असन्निधानातील आशा

॥ सर्वज्ञ श्रीचक्रधराय नमः ॥

विषयप्रवेश

संकटकाळी परमेश्वरावरील निष्ठा कशी टिकवावी, हा प्रश्न वासनिक बंधुभगिनी मठात येऊन वारंवार विचारतात. शब्द सारखे असले तरी या प्रश्नाच्या पोटात दोन निराळे प्रश्न असतात. कोणाला असे विचारावयाचे असते की, मी इतकी वर्षे नामस्मरण केले, तरी ही आपत्ती मजवर का आली? दुसऱ्या कोणाला असे विचारावयाचे असते की, ही आपत्ती सरेपर्यंत मी काय करू? पहिल्याचे उत्तर ब्रह्मविद्येच्या निरूपणात आहे. दुसऱ्याचे उत्तर आपल्या पूर्वाचार्यांनी आचरून दाखविले आहे. या लेखात पहिल्याचा संक्षेपाने व दुसऱ्याचा काहीसा विस्ताराने विचार करावयाचा आहे.

आपत्ती आणि अनन्यता

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परभिन्न आहेत, हे आपण उपदेशाच्या वेळीच ऐकतो. जीव कर्म करतो. त्या कर्माची सुखदुःखरूप फळे देवतांच्या द्वारे भोगास येतात. परमेश्वर मात्र जीवाला या भोगचक्रातून सोडविणारा आहे. म्हणून आपत्ती आली याचा अर्थ परमेश्वराने आपल्याला टाकले, असा होत नाही. तसेच आपत्ती टळली म्हणजेच परमेश्वर प्रसन्न झाला, असेही म्हणता येत नाही. सुखदुःखाच्या मापाने परमेश्वराची कृपा मोजणे हीच मुळात चूक आहे.

हा सिद्धांत सुखाच्या दिवसांत सर्वांना मान्य असतो. त्याची कसोटी लागते ती घरातले लेकरू तापाने फणफणत असता. अशाच एका मातेची गोष्ट सांगतो. मुलाचे दुखणे लांबले, औषधोपचार चालू होते, तरी उतार पडेना. शेजारणींनी नवस बोलण्याचा आग्रह केला आणि भीतीपोटी तिने तो बोलला. पुढे मुलगा बरा झाला; परंतु आपल्या हातून अनन्यतेचा भंग झाला, या लाजेने तिने स्मरणही सोडले आणि मठात येणेही सोडले. दोन वर्षांनी ती आली ती खाली मान घालून. "आता मला तोंड कोठे आहे?" एवढेच ती म्हणाली.

या मातेचा पहिला दोष कोणता आणि दुसरा कोणता, हे नीट पाहिले पाहिजे. नवस बोलणे हा दोष होय, यात संशय नाही. फळाच्या आशेने अन्य देवतेकडे वळणे आपल्या मार्गात निषिद्ध आहे. परंतु तो दोष भयाच्या एका घटकेत घडला. स्मरण सोडणे हा दुसरा दोष. तो तिने दोन वर्षे रोज नव्याने केला, आणि तोही आपण शिक्षा भोगत आहोत असे समजून! पहिल्या दोषाला अनुताप आणि प्रायश्चित्त हा उपाय शास्त्राने ठेवला आहे. दुसऱ्या दोषाने त्या उपायाकडे जाणारी वाटच बंद होते. संकटात निष्ठा ढळते त्याने जीवाची हानी होते खरी. पण आता परत येणे नाही अशी समजूत करून घेतल्याने होणारी हानी त्याहून मोठी आहे. आशा सोडणे हाही अनन्यतेचाच भंग होय.

पूर्वाचार्यांचे आचरण

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. आपल्या पंथाने पाहिलेली सर्वांत मोठी आपत्ती कोणती? दुष्काळ नव्हे, परचक्रही नव्हे. तेराव्या शतकाच्या आठव्या दशकात सर्वज्ञांनी उत्तरापंथे गमन केले, ती होय. ज्यांनी स्वामींच्या सन्निधानी दर्शन, संभाषण आणि सेवा-दास्य यांचे सुख अनुभविले होते, त्यांच्यापुढे अकस्मात असन्निधान उभे राहिले. सामान्य माणसाला धन गेले तर दुसरे धन मिळविता येते; यांचे जे गेले त्याला जोडच नव्हती.

श्रीनागदेवाचार्यांचा, म्हणजे आपल्या भटोबासांचा, शोक पंथीय वाङ्मयाने कोठेही झाकून ठेवलेला नाही. हे लक्षात घेण्यासारखे आहे. धैर्याचे चित्र रंगविण्यासाठी त्यांचे अश्रू पुसून टाकण्याची गरज कोणाही पूर्वसूरीला वाटली नाही. परंतु त्या शोकाने त्यांना बसवून ठेवले नाही. भटोबास आणि त्यांचे सहसाधक रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी गेले आणि सुमारे तपभर त्यांनी श्रीप्रभूंची सेवा केली. आज अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात असलेले हे गाव त्या वियोगी मंडळींचे आश्रयस्थान झाले.

याच रिद्धपुरी पंथाच्या इतिहासातील एक शांत पण थोर घटना घडली. भटोबास एकांतात बसून स्वामींच्या लीळा मनात आठवीत असत. नाम, मूर्ती, लीळा आणि चेष्टा यांचे हे स्मरण म्हणजेच त्यांच्या विरहाचे अन्न होते. म्हाइंभटांनी ते पाहिले आणि चौकशी केली. एकेकाळी शास्त्रचर्चेच्या अभिमानाने स्वामींकडे आलेला हा विद्वान आता नम्र अनुयायी झाला होता. ज्यांनी स्वामींना प्रत्यक्ष पाहिले त्यांच्या मागे या लीळा कोण सांगेल, ही चिंता त्यांच्या मनात उभी राहिली. मग ज्याला जी लीळा ठाऊक होती, त्याच्याकडून ती विचारून घ्यावी, भटोबासांकडून पारखून घ्यावी आणि लिहावी, असा उद्योग सुरू झाला. 'लीळाचरित्र' हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ अशा रीतीने सिद्ध झाला. महदाइसेचे 'धवळे'ही याच रिद्धपुरी श्रीप्रभूंच्या सन्निधानी रचले गेले.

येथे थोडे थांबावे. या मंडळींनी स्वामी परत येतील म्हणून वाट पाहत दिवस मोजले नाहीत. आता सर्व संपले असे म्हणून हातपायही गाळले नाहीत. जे हातातून गेले त्याचे स्मरण त्यांनी केले. आणि ते स्मरण केवळ आपल्यापुरते न ठेवता, ज्यांनी स्वामींना पाहिले नाही आणि पाहणारही नाहीत, अशा पुढील जीवांसाठी नेटकेपणाने मांडून ठेवले. ते जीव म्हणजे आपण! आशा याहून निराळी काय असते?

पुढे परीक्षा आणखी कठीण झाली. चौदाव्या शतकाच्या आरंभी देवगिरीच्या राज्यावर परचक्रे आली आणि त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नाहीशी झाली. इतक्या कष्टाने जोडलेले धन एका धाडीत गेले. तेव्हा ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या स्मरणावरून ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला. हिराइसेच्या नावाने ओळखला जाणारा पाठ याची साक्ष देतो. पोथी लुटली गेली. परंतु नित्य केलेले स्मरण लुटता आले नाही. ज्या लीळा कोणी रोज आठवीत होते, त्याच परत मिळाल्या. रिद्धपुरात मराठी भाषेचे विद्यापीठ स्थापण्यासाठी २०२३ साली राज्य विधिमंडळाने कायदा केला. वाजेश्वरीत लिहावयास बसलेल्या म्हाइंभटांना यातले काही ठाऊक नव्हते. ठाऊक असण्याची त्यांना गरजही नव्हती.

दृष्टांत

'दृष्टांतपाठा'च्या पद्धतीने एक साधा दृष्टांत घेऊ. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी मराठवाड्यातील वडीलधारी माणसे अद्याप सांगतात. विहिरी आटल्या, जनावरे कवडीमोलाने विकावी लागली, रोजगाराच्या कामावर खडी फोडून लोकांनी दिवस काढले. अशा वेळी एखाद्या कुणब्याच्या घरात एका मडक्यात राख आणि कडुनिंबाचा पाला घालून बियाण्याची ज्वारी जपून ठेवलेली आहे, असे समजा. लेकरे अर्धपोटी निजतात. मडके हाताशी आहे. तरी घरची माउली त्याला हात लावीत नाही. ती खडी फोडते, शेजाऱ्याकडून पायलीभर उसने आणते, रानातला पाला शिजविते. पण बियाणे दळीत नाही.

दार्ष्टांतिक असे. दुष्काळ म्हणजे आपत्ती. खडी फोडणे आणि उसने आणणे म्हणजे औषधोपचार, कष्ट, शहाण्यांचा सल्ला, सहधर्मीयांचे साहाय्य इत्यादी उपाय. ते अवश्य करावे. त्यांनी अनन्यतेला बाध येत नाही. बियाणे म्हणजे अनन्यता आणि नित्याचे स्मरण. तत्काळ भूक भागविण्यासाठी ते दळून खाल्ले, तर एक दिवसाची भाकरी होते. पण पाऊस आला तरी शेत रिकामेच राहते.

दृष्टांत एकदेशी असतो, हे मात्र विसरू नये. पावसाला कुणब्याची ओळख नसते. परमेश्वराचे तसे नाही. त्याला जीवोद्धरणाचे व्यसन आहे, असे आपले शास्त्र सांगते. व्यसनी माणूस आपल्या विषयाचा शोध स्वतःहून घेतो. आपल्या आशेचा पाया आपल्या योग्यतेत नसून त्या व्यसनात आहे. म्हणूनच अयोग्य जीवालाही आशा बाळगण्याचा अधिकार आहे.

शंका-समाधान

शंका : दुःखात मन स्मरणावर ठरत नाही. नुसत्या ओठांनी घेतलेले नाम खोटे नव्हे काय?

समाधान : नव्हे. मन ठरत नाही ही उणीव आहे, कपट नाही. त्या माउलीने मडक्याकडे आनंदाने पाहिले असेल काय? तिने ते रडत रडतच जपले. नित्यविधी ठेवला आहे तो मन उत्साही असेल त्या दिवसापुरता नव्हे. मन उठत नाही त्या दिवशी देहाने आणि वाणीने तरी परमेश्वराच्या दाराशी बसावे, यासाठीही तो आहे. एक गाठी होत नसेल तर पाच नामे घ्यावीत. पण वेळ चुकवू नये.

शंका : सर्व वासनांचा त्याग सांगणाऱ्या मार्गात आशेला स्थान कसे?

समाधान : माझे संकट जावे, ही फळाची आशा, ती स्वाभाविक असली तरी तिच्यावर निष्ठा टांगू नये, कारण ती दोरी केव्हाही तुटते. परमेश्वर मला भेटावा, ही आर्ती. ती जीवाला बांधीत नाही, सोडविते. पहिली आशा संकटासरशी संपते किंवा विझते. दुसरी संकटात वाढते.

शंका : स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक ही साधनेच अंतरली तर?

समाधान : २०२० आणि २०२१ साली महामारीच्या टाळेबंदीत देवस्थानांची दारे बंद झाली. ओट्यावर नमस्कार घडला नाही, साधुसंतांचे दर्शन नाही, सभा नाहीत. त्या काळात अनेक घरांत पहाटे दिवा लावून मुलाबाळांसह स्मरण आणि पारायण चालले. भटोबासांच्या असन्निधानाचा लहानसा अंश त्या वेळी आपल्या वाट्यास आला होता. दार बंद असता जो आत आठवतो, त्याला दार उघडल्यावर नमस्काराचे मोल कळते.

उपसंहार

त्या मातेचे पुढे काय झाले, हे सांगून लेख पुरा करतो. तिला प्रायश्चित्त दिले. मग मी तिला विचारले, "बाई, या दोन वर्षांत स्वामींची एकही लीळा कधी आठवली नाही काय?" ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "रोज आठवत होती. म्हणून तर लाज वाटत होती." याचा अर्थ तिने बियाणे दळलेच नव्हते, मडके कोठे ठेवले हे मात्र ती विसरली होती. आज ती मठात येणाऱ्या मुलींना लीळा सांगते.

ज्या कोणाच्या घरात आज अंधार आहे, त्याने एवढेच करावे : सांजेची वेळ चुकवू नये, आणि चुकलीच तर दुसऱ्या दिवशी यावे. इति अलम्. सर्व साधक व वासनिक यांस सविनय दंडवत प्रणाम.