विमान-प्रतिकृतीचे इंजिन : मिथेनॉलकडून पेट्रोलकडे

धाराशिव जिल्ह्यातील येरमाळा हे गाव बालाघाटच्या डोंगररांगेवर, सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गालगत वसले आहे. येडेश्वरी देवीच्या चैत्री यात्रेमुळे ते दूरवर परिचित आहे. महामार्गालगतच्या अशा गावी पेट्रोल सहज मिळते आणि फवारणी पंपाचे इंजिन उघडून बसविणारा कारागीरही सापडतो. परंतु उडत्या विमान-प्रतिकृतीच्या इंजिनाला जे इंधन लागते ते मात्र तेथे मिळत नाही. ते शहरातून मागविले, तरी शाळेच्या कपाटात ठेवावे किंवा नाही, हा त्याहून मोठा प्रश्न उरतो.

राष्ट्रीय छात्रसेनेचा हवाई विभाग १९५० साली सुरू झाला. विमानाच्या प्रतिकृती तयार करणे व त्या उडविणे हा या विभागाच्या शिक्षणाचा एक भाग असून वायुसैनिक शिबिरांत त्याच्या स्पर्धाही होतात. ग्रामीण भागातील शाळांतही हा उपक्रम सुरू व्हावा असे वाटणाऱ्या शिक्षकांनी इंजिनाच्या इंधनाचा विचार आधी करणे इष्ट आहे.

तप्त तारेचे इंजिन

विमान-प्रतिकृतींत बहुधा वापरले जाणारे लहान इंजिन ‘ग्लो इंजिन’ या नावाने ओळखले जाते. त्याच्या इंधनात मुख्यतः मिथेनॉल असते. त्यात सुमारे पाचवा हिस्सा वंगण तेल आणि थोडे नायट्रोमिथेन मिसळलेले असते. या इंजिनात ठिणगी पडत नाही. डोक्यावरील प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त धातूच्या बारीक तारेचे वेटोळे असते. सुरू करताना दीड व्होल्टची बॅटरी लावून ते लाल केले जाते आणि इंजिन चालू झाल्यावर बॅटरी काढून घेतली जाते. पुढे मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमच्या सान्निध्यात स्वतःच उष्णता निर्माण करते व तार तापलेली राहते. पेट्रोलचा प्लॅटिनमशी असा संयोग जमत नाही. म्हणूनच टाकीत केवळ पेट्रोल ओतून हे इंजिन चालेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय.

येथे थोडा इतिहास सांगणे अप्रस्तुत होणार नाही. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत ‘ब्राऊन ज्युनियर’सारखी जी लहान इंजिने निघाली, ती पेट्रोल व ठिणगी यांवरच चालत. त्यांच्याबरोबर कॉइल, कंडेन्सर व बॅटरी यांचे ओझे विमानाला वाहावे लागे. १९४७ च्या सुमारास रे आर्डेन यांचा ग्लो प्लग बाजारात आला आणि ते ओझे एकदम उतरले. आता इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन यंत्रणा वजनाने इतकी हलकी झाली आहे की त्या जुन्या वाटेने परत जाणे शक्य झाले आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा २००३ सालचा आहे. मेनार्ड हिल या अमेरिकन धातुतज्ज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह तयार केलेले एक विमान त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावरून निघून आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरले. सुमारे ३,०३० किलोमीटरचे अंतर त्याने ३९ तासांहून थोड्या कमी वेळात कापले. उड्डाणाच्या वेळी इंधनासह त्याचे वजन ५ किलोग्रॅमपेक्षा कमी होते. त्यात बसविलेले १० घनसेंटिमीटरचे चार-स्ट्रोक इंजिन मुळात ग्लो इंजिनच होते. ते ठिणगीवर चालेल असे बदलून घेऊन कंदिलाच्या पेट्रोलसदृश इंधनावर चालविण्यात आले. हिल यांचे वय तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होते आणि दृष्टी जवळजवळ गेलेली होती. मिथेनॉल भरून निघालेल्या एवढ्याच वजनाच्या विमानाला अटलांटिक ओलांडता आला नसता, कारण एक किलो मिथेनॉलमध्ये पेट्रोलच्या निम्म्याहूनही कमी ऊर्जा असते.

कपाटातील विष

इंधनाची बचत हा लाभ खरा असला, तरी शाळेच्या दृष्टीने मुख्य मुद्दा वेगळा आहे. मिथेनॉल हे तीव्र विष आहे. शरीरात गेल्यावर त्याचे फॉर्मिक आम्ल बनते आणि डोळ्यांच्या मज्जातंतूवर त्याचा घाला पडतो. दोन चमचे प्रमाण दृष्टी घालवू शकते. त्याहून थोडे अधिक प्राणही घेऊ शकते. ते त्वचेतूनही शोषले जाते. त्याला येणारा वास पिण्याच्या अल्कोहोलसारखाच असतो आणि अनर्थ होतो तो यामुळेच. मुंबईत २००४ साली विक्रोळी येथे आणि जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणी भागात जी विषारी दारूची दुर्घटना घडली, तिच्या मुळाशी मिथेनॉल होते. मालवणीत शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. महाराष्ट्रात मिथेनॉलचा साठा व विक्री विषविषयक नियमांखाली येते, ती उगीच नव्हे. शिवाय मिथेनॉलची ज्वाला भर उन्हात दिसत नाही. विद्यार्थ्याचा हात भाजेपर्यंत आग लागल्याचे ध्यानातही येत नाही.

पेट्रोल निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ नव्हे. ते अधिक वेगाने पेट घेते आणि त्याची वाफ जमिनीलगत पसरते. परंतु त्याचा धोका गावातील प्रत्येकाला ठाऊक असतो. पेट्रोलची बाटली कोणी दारू समजून तोंडाला लावणार नाही. हा फरक लहान नाही.

बदल कोणते करावयाचे

पहिला बदल प्रज्वलनाचा. ग्लो प्लगच्याच आट्यांचा लहान स्पार्क प्लग मिळतो. तो जुन्या प्लगच्या जागी बसतो. पंखा ज्या चकतीवर आवळला जातो तिच्या कडेला एक छोटे चुंबक बसवितात आणि समोर इंजिनाच्या अंगावर चुंबकाची चाहूल घेणारा संवेदक लावतात. दट्ट्या सर्वांत वर येण्यापूर्वी, पूर्ण वेगात साधारणपणे २८ ते ३० अंश आधी, ठिणगी पडावी लागते. हाताने सुरू करताना मात्र ती बरीच उशिरा पडली पाहिजे. नाहीतर पंखा उलटा फिरून बोटांना इजा करतो. वेगानुसार ही वेळ आपोआप बदलणारी यंत्रणा घ्यावी. येथे पैसे वाचविणे इष्ट नाही.

दुसरा बदल इंधनाच्या मापाचा, आणि बहुतेक प्रयत्न फसतात ते येथेच. एक किलो मिथेनॉल जाळण्यास साडेसहा किलोच्या जवळपास हवा लागते. एक किलो पेट्रोलला जवळजवळ पंधरा किलो. म्हणजे तेवढ्याच हवेबरोबर निम्म्याहून कमी पेट्रोल जावयास हवे. ग्लो कार्ब्युरेटरची सुई या मानाने फार ढोबळ ठरते. ती किंचित फिरविली की इंजिन गुदमरते. किंचित उलट फिरविली की भुकेने तापते. यासाठी अधिक बारीक निमुळती सुई किंवा पडद्याचा कार्ब्युरेटर बसवावा. फवारणी पंपाच्या व झाडे कापण्याच्या यंत्रांच्या इंजिनांत पडद्याचे कार्ब्युरेटर अनेकदा असतात, तेव्हा ते उघडून साफ करणारा कारागीर शोधण्यास फार लांब जावे लागत नाही.

तिसरी बाब उष्णतेची व वंगणाची. मिथेनॉलची वाफ होताना ते पुष्कळ उष्णता शोषून घेते, म्हणून ग्लो इंजिन थंड राहते. पेट्रोल ही सेवा करीत नाही. यास्तव डोक्याखाली तांब्याची अथवा ॲल्युमिनियमची पातळ चकती घालून दाब थोडा कमी करतात आणि हवेचा झोत थेट पंखड्यांवर येईल अशी व्यवस्था ठेवतात. मिथेनॉलमध्ये एरंडेल चांगले मिसळते. पेट्रोलमध्ये ते नीट विरघळत नाही व तळाशी बसते. म्हणून दोन-स्ट्रोक इंजिनाचे कृत्रिम तेल वापरावे. लुना चालविलेल्या पिढीला पेट्रोलमध्ये तेल मिसळण्याची रीत ठाऊकच आहे, परंतु ते प्रमाण येथे पुरणार नाही. ग्लो इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडला बहुधा साधे पितळी बुश असते. त्याला वीस भाग पेट्रोलास एक भाग तेल एवढे तरी मिळाले पाहिजे.

सिलिकॉनच्या नळ्या पेट्रोलमध्ये फुगतात. त्या, तसेच टाकीचे बूच व कार्ब्युरेटरमधील रबरी कडी, पेट्रोल सोसणाऱ्या रबराच्या बसवाव्यात. प्रज्वलनाची बॅटरी व तारा रेडिओच्या ग्राहक यंत्रापासून दूर ठेवाव्यात.

येथील पेट्रोल, येथील हवा

परदेशी पुस्तिकांत न आढळणारी एक गोष्ट या भागात विशेष लक्षात घ्यावी लागते. भारतातील पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. ढोकी व रांजणी येथील साखर कारखान्यांमुळे उसापासून बनणारे अल्कोहोल या जिल्ह्याला अपरिचित नाही. इंजिनाच्या सुईला मात्र त्याची ओळख करून द्यावी लागते. इथेनॉलला शुद्ध पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, म्हणून अशा मिश्रणावर सुई थोडी अधिक उघडावी. अन्यथा इंजिन तापून दट्ट्या धरतो. इथेनॉल हवेतील ओलावाही ओढून घेते. पाणी फार झाले म्हणजे पेट्रोल वर आणि पाणीमिश्रित अल्कोहोल खाली असे दोन थर होतात. वंगण तेल वरच्या थरात राहते आणि टाकीच्या तळातून इंजिनाला जातो तो कोरडा थर. पावसाळ्यात तयार मिश्रण साठवू नये. लागेल तेवढेच बनवावे.

उंचीचा परिणाम याच्या उलट होतो. बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून अधिक उंचीवर, हवा मुंबईपेक्षा सुमारे सहा टक्के विरळ असते. मुंबईत जुळविलेले इंजिन येथे इंधन जास्त घेईल. तेव्हा सुई जेथे उडवावयाचे तेथेच, त्याच दिवशीच्या हवेत जुळवावी.

सर्वच इंजिने बदलण्याजोगी नसतात. १० घनसेंटिमीटरखालील इंजिनांत इतके थोडे पेट्रोल मोजून देणे कठीण होते. ज्या इंजिनांत दट्ट्याला कडी नसून निमुळत्या सिलिंडरवरच दाब धरला जातो, त्यांची घडण ठरावीक तापमानाला जुळलेली असते, तीही टाळावीत. लहान मुलांच्या वर्गासाठी इंजिनाचा आग्रहच नको. साधे ग्लायडर किंवा विजेच्या मोटरीचे विमान पुरेसे आहे. बदललेले इंजिन हे वरच्या वर्गांतील, तसेच औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांचे काम होय. ठिणगीची वेळ, हवा-इंधनाचे प्रमाण व वंगण या तीनही गोष्टी त्यांना एका मुठीएवढ्या यंत्रात हाताने तपासता येतात.

ग्रामपंचायतीकडे मैदान मागण्यास कोणी आल्यास दोन बाबी पाहाव्यात. ड्रोन नियम, २०२१ मध्ये शिक्षण व छंद यांसाठी, नजरेच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या प्रतिकृतींचा वेगळा उल्लेख आहे. जागा नकाशावरील हिरव्या क्षेत्रात आहे किंवा नाही, याची खात्री करून घ्यावी. दुसरे असे की, उड्डाणाची जागा वस्ती, वीजवाहिन्या व महामार्ग यांपासून दूर असावी आणि यात्रेच्या दिवसांत परवानगी देऊ नये. पेट्रोल एक-दोन लिटरच्या धातूच्या डब्यात, वर्गाबाहेर, सावलीत ठेवावे. शेजारी वाळूची बादली असावी, आणि चालू इंजिनाच्या टाकीत इंधन भरण्यास शिक्षकाने कोणालाही, स्वतःलाही, मुभा देऊ नये.