लॅपटॉपची रॅम वाढवायचीय? आधी तपासा, मग भाव सांगा



"लॅपटॉप स्लो झालाय, रॅम टाकून द्या." कर्जत-खोपोलीकडे कॉम्प्युटरचं दुकान टाकलंत, तर हे वाक्य तुम्हाला सारखं ऐकायला मिळणार. काम अर्ध्या तासाचं. म्हणून नवीन माणूस लगेच भाव सांगून मोकळा होतो. मीही तेच केलं होतं.

दुकानाला वर्षही झालं नव्हतं. चौकच्या एक ताई घरून चार-पाच दुकानांचे टॅलीचे हिशोब सांभाळायच्या. जीएसटी रिटर्नची तारीख तोंडावर आणि लॅपटॉप हँग. फोनवर "डीडीआर थ्री आहे" एवढंच ऐकून मी ॲडव्हान्स घेतला आणि सकाळची लोकल पकडून लॅमिंग्टन रोड गाठला. रॅम आणली, बसवली, क्लिप खटकन लागल्या. बटण दाबलं तर स्क्रीन काळी!

लॅपटॉपला हवी होती डीडीआर थ्री एल. साधी डीडीआर थ्री चालते १.५ व्होल्टवर, थ्री एल १.३५ वर. काही लॅपटॉप १.३५ च देतात. पण दोन्हीच्या पिना २०४ आणि खाचही एकाच जागी, त्यामुळे चुकीची रॅमसुद्धा बरोबर बसते. डीडीआर फोरला २६० पिना, फाइव्हला २६२, खाचाही वेगळ्या. तिथे चुकीची रॅम आत जातच नाही. (जोर लावू नका, स्लॉट तुटेल.)

जुनी रॅम परत लावल्यावर लॅपटॉप सुरू झाला, म्हणून अब्रू वाचली. ताईंनी रात्र जागून त्याच रॅमवर रिटर्न भरलं. मी परत मुंबईला गेलो, दुसरी रॅम खिशातून, आणि त्या दिवशीही शटर बंद.

आता लॅपटॉप टेबलावर आल्याशिवाय मी भाव सांगत नाही. गिऱ्हाईकाला त्याची रोजची कामं उघडायला लावतो: टॅली, एक्सेल, क्रोमचे पंधरा टॅब. मग टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स. मेमरी ८५-९० टक्क्यांवर अडकली असेल तर रॅम वाढवून फरक पडेल. मेमरी निम्मी रिकामी आणि डिस्क सतत १०० टक्के असेल, तर दोष बहुतेक जुन्या हार्ड डिस्कचा. तिथे एसएसडी सुचवा. रॅम विकून पैसे मिळतील, पण लॅपटॉप स्लोच राहिला तर तो माणूस गावभर सांगेल.

विंडोज ३२-बिट असेल तर चार जीबीच्या वर रॅम टाकून उपयोग नाही. तिथेच मेमरीत किती स्लॉट वापरात आहेत तेही दिसतं, पण त्यावर पूर्ण विसंबू नका. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते. कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून जास्तीत जास्त किती जीबी चालते ते बघा आणि शक्य असेल तर मागचं झाकण उघडून खात्री करा. उघडण्याआधी शटडाउन, चार्जर बाहेर, बॅटरीचा कनेक्टर सुटा, मग पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा.

आपल्याकडच्या पावसाळ्याची एक गंमत. "रॅम गेली" म्हणून आलेल्या काही लॅपटॉपना नवी रॅम लागतच नाही. दमट हवेने पिना काळवंडतात. खोडरबर हलक्या हाताने फिरवून पुसा, परत बसवा, बघा. याची मजुरी घ्या, लाजू नका.

आता भावाचं. २०२५ च्या शेवटी एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅम झपाट्याने महागली. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ग्राहकांसाठीचा क्रुशियल हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणून कोटेशनवर "भाव फक्त आजचा" लिहा, मजुरी वेगळी दाखवा, आणि ॲडव्हान्स तपासणीनंतरच घ्या. बिलावर नव्या रॅमचा सिरियल नंबर आणि "जुनी रॅम परत दिली" ही ओळ लिहून गिऱ्हाईकाची सही घ्या.