आधी कापड ओळखा, मग यंत्र तापवा

शिवणकाम, जरीकाम, होजिअरीचा व्यापार, चपला-बूट बनविणे हे धंदे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. त्यांनाच जोडून घरच्या घरी करता येण्यासारखा एक उद्योग आता पुढे आला आहे. तो म्हणजे टी-शर्ट, जर्सी, पिशव्या आणि बूट यांच्यावर उष्णतेच्या साहाय्याने नाव, आकडा किंवा चित्र उमटविण्याचा. कोकणात दिवाळीनंतर टेनिस बॉल क्रिकेटचे सामने सुरू झाले की गावोगावचे संघ जर्सीवर नाव-नंबर मागतात. जूनमध्ये शाळांची बोधचिन्हे लागतात. जागा एका टेबलापुरती पुरते आणि घरातील भगिनींनाही हे काम करता येते.

यंत्र आणणे सोपे आहे. छापलेला माल गिऱ्हाइकाच्या घरी पाच-सहा धुण्यांत टिकणे, ही खरी परीक्षा होय. चाळीस जर्सींचे काम घेतले आणि पहिल्याच धुण्यात आकडे सुटले तर मजुरी जाते, जर्सींची किंमत भरून द्यावी लागते आणि ते गाव पुन्हा आपल्या दारात येत नाही. हे कशामुळे होते व कसे टाळावे, हे आपण या लेखात पाहू.

तीन पद्धती

पहिली पद्धत विनाइलची. कपड्यांसाठीच्या विनाइलला मागून उष्णतेने वितळणारा डिंक असतो. अक्षरे कटर यंत्रावर किंवा हाताने उलटी (आरशात दिसतात तशी) कापावीत, नको असलेला भाग चिमट्याने काढावा व उरलेले कापडावर ठेवून दाबावे. साधारण १५० ते १६० अंश सेल्सिअस ताप आणि १० ते १५ सेकंद वेळ लागतो. गाडीवर किंवा काचेवर लावण्याचे स्टिकर विनाइल स्वस्त मिळते, पण ते कपड्यावर टिकत नाही. दुकानदाराला ‘कपड्याचे विनाइल’ असे स्पष्ट सांगूनच घ्यावे.

दुसरी पद्धत डीटीएफची. यात फिल्मवर रंगीत व पांढऱ्या शाईने चित्र छापतात, त्यावर डिंकाची भुकटी टाकून ती तापवतात आणि मग ती फिल्म कापडावर दाबतात. सुती, पॉलिस्टर, गडद, फिकट अशा बहुतेक कापडांवर ती चालते. मात्र सुरुवातीलाच डीटीएफ प्रिंटर घेऊ नये, असा आमचा सल्ला आहे. पांढरी शाई तळाशी बसते. यंत्र रोज चालले नाही तर छपाईचे तोंड चोंदते आणि दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो. मोठ्या शहरांत मीटरच्या हिशेबाने तयार फिल्म छापून मिळते. ती आणून घरी फक्त दाबण्याचे काम करावे.

तिसरी पद्धत सब्लिमेशनची. कागदावर खास शाईने चित्र छापतात व तो कागद कापडावर ठेवून २०० अंशांच्या आसपास ४५ ते ६० सेकंद दाबतात. ही शाई वितळत नाही. तिची थेट वाफ होते व ती पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. त्यामुळे चित्र हाताला लागत नाही आणि सोलून निघत नाही. परंतु सुती धागा हा रंग धरून ठेवत नाही, धुण्यात तो निघून जातो. शिवाय यात पांढरी शाई नसल्याने पांढऱ्या किंवा फिकट कापडावरच हे काम उठून दिसते.

कापडाची ओळख

यावरून लक्षात येईल की पद्धत आपल्या आवडीने नव्हे, कापड पाहून ठरते. कापड कशाचे आहे हे गिऱ्हाइकाला बहुधा ठाऊक नसते. शिवणीच्या आतून एक धागा काढून काडी लावून पाहावी. सूत कागदासारखे जळते व त्याची राख बोटात भुरभुरते. पॉलिस्टर आकसून वितळते व टोकाला कडक मणी तयार होतो. दोन्ही खुणा दिसल्या तर धागा मिश्र समजावा. नायलॉनही वितळते. छत्री किंवा रेनकोटाच्या कापडावर पाणी न धरणारा लेप असतो, त्यावर नेहमीचे विनाइल पकडत नाही. असे काम नमुना केल्याशिवाय घेऊ नये.

लाल किंवा मरून रंगाच्या पॉलिस्टर जर्सीबाबत विशेष सावध राहावे. त्यावर लावलेला पांढरा आकडा देताना स्वच्छ असतो आणि दोन दिवसांनी गुलाबी दिसू लागतो. गिऱ्हाइकाला वाटते, विनाइल हलके वापरले. खरे कारण असे की जास्त तापाने कापडाचा स्वतःचा रंगही सुटून वर चढतो. अशा कापडाला कमी तापावर चिकटणारे किंवा रंग अडवणारा थर असलेले विनाइलच वापरावे.

ताप, वेळ आणि दाब

ही तिन्ही सांभाळली तरच काम टिकते. एक कमी पडले तर दुसरे वाढवून भागत नाही. घरची इस्त्री एखाद-दुसऱ्या नगाला चालेल, परंतु तिचा ताप सगळीकडे सारखा नसतो आणि वाफेच्या भोकांखालची जागा कच्ची राहते. इस्त्रीवरील दोन ठिपक्यांची खूण सुमारे १५० अंश व तीन ठिपक्यांची २०० अंश दाखवते. वाफ बंदच ठेवावी. धंदा करावयाचा असेल तर १५ इंच बाय १५ इंचांचे हीट प्रेस यंत्र घ्यावे. ते दीड हजार वॅटच्या पुढेमागे वीज घेते, म्हणून साध्या ५ अँपिअरच्या सॉकेटवर चालवू नये. १५ अँपिअरचा सॉकेट व चांगले अर्थिंग आधी करून घ्यावे. तापलेल्या पट्टीजवळ लहान मुलांना येऊ देऊ नये.

छापण्यापूर्वी कोरा कपडा ३ ते ५ सेकंद दाबून घ्यावा. त्याने सुरकुती जाते व दमटपणा उडतो. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या हवेत ही पायरी गाळली तर डिंक धाग्यात नीट शिरत नाही. बटण, चेन किंवा जाड शिवण दाबाखाली आली की तिच्या शेजारी दाब पोहोचत नाही. तेवढा भाग बाहेर ठेवावा किंवा आत गादी घालून छपाईची जागा उंच करावी. काही फिल्म गरम असतानाच ओढावयाची असते, काही पूर्ण थंड झाल्यावर. ही सूचना मालासोबत मागून घ्यावी. फिल्म काढल्यावर वर टेफ्लॉनचा कागद ठेवून पुन्हा ५ ते १० सेकंद दाबल्यास कडा पक्क्या बसतात.

बुटांचे काम

बूट वाकडा-तिकडा असतो, त्यामुळे सपाट यंत्राखाली तो येत नाही. तयार कॅनव्हास बुटाला लहान हाताचा प्रेस लागतो व आत कापडाची घट्ट गुंडाळी भरावी लागते. चित्र लहान असावे व टाचेकडील बाहेरच्या बाजूस लावावे. बोटांजवळ बूट रोज वाकतो, तेथे विनाइलला चिरा पडतात. सोलच्या कडेपासून लांब राहावे, कारण सोल चिकटविलेले सोल्युशन उष्णतेने मऊ होते. रेक्झिन वितळते. अस्सल चामडे जास्त तापाने आकसून कडक होते.

बूट बनविणाऱ्या कारागिरांना मात्र यात एक सोय आहे, ती बाहेरच्या छपाईवाल्याला नाही. वरचे चामडे किंवा कॅनव्हास कापून झाल्यावर, शिवण्यापूर्वी तो तुकडा सपाट असतो. छपाई त्याच वेळी करावी. सोल्युशनचा प्रश्न उरत नाही व दाब सारखा बसतो. फर्म्यावर चढविताना पुढचा भाग ताणला जातो, तेवढी जागा सोडावी. कापलेल्या तुकड्यावर आधी छापून मग शिवण्याची ही रीत शिंपीकामालाही लागू पडते.

हिशेब

समजा, ५० सेंटिमीटर पन्ह्याचे विनाइल मीटरला ४०० रुपयांना मिळाले. दोन आकड्यांना २५ बाय २२ व नावाला ३० बाय ६ सेंटिमीटर जागा धरली, तर एका जर्सीला ७३० चौरस सेंटिमीटर लागतात. मीटरमध्ये ५००० चौरस सेंटिमीटर असतात, म्हणजे सहा जर्सी होतात. प्रत्येकी ६७ रुपये फक्त विनाइलचे झाले. त्यात वीज, बिघडलेला नग, जाण्या-येण्याचे भाडे आणि आपला वेळ मिळवावा. घरी केलेल्या कामाची मजुरी पुष्कळ जण धरतच नाहीत व नंतर धंद्यात काही उरत नाही म्हणतात. आपल्या बाजारचा भाव घालून हाच हिशेब प्रत्येकाने कागदावर मांडावा.

आणखी एक इशारा. नामांकित कंपनीचे चिन्ह परवानगीशिवाय साध्या टी-शर्टवर किंवा बुटावर छापून विकणे हा गुन्हा आहे. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद व ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. ‘गिऱ्हाइकाने सांगितले म्हणून छापले’ हे उत्तर अशा वेळी वाचवीत नाही. संघाचे, शाळेचे किंवा दुकानाचे स्वतःचे चिन्ह छापण्यात पुरेसे काम आहे.

शेवटी एक नियम पाळावा. मोठे काम घेताना एक नग जास्तीचा मागावा. तो छापून २४ तास ठेवावा, मग उलटा करून साध्या पाण्यात तीन वेळा धुवावा. कडा उचलली नाही, रंग बदलला नाही, तरच बाकीचे नग यंत्राखाली घालावेत. कापड, ताप, वेळ व दाब वहीत लिहून ठेवावा. माल देताना उलटा धुणे, ब्लीच न वापरणे व छपाईवर थेट इस्त्री न फिरवणे या सूचना चिठ्ठीवर लिहून द्याव्यात. या नमुन्याला दोन दिवस जास्त लागतात हे खरे, पण पुढच्या मोसमात तोच संघ पुन्हा आपल्याकडे यावा, असे वाटत असेल तर हे दोन दिवस वाया गेले असे समजू नये.