योगासनाच्या चटईची निगा

२१ जूनचा योग दिन २०१५ पासून पाळला जातो, आणि नेमका तेव्हाच आपल्याकडे पाऊस लागलेला असतो. घामाने ओली चटई तशीच गुंडाळून कोपऱ्यात उभी करायची, ही चूक आम्हीही केली आहे. आठवड्यात कुबट वास सुटला. उलगडून पाहतो तो काळे ठिपके!

वासापेक्षा गजकर्णाची भीती मोठी. ही बुरशी अनेकांच्या वापरातल्या चटईवरूनही पसरते, जनावरांकडूनही माणसाला लागते. म्हणून ज्याची चटई त्याने वापरावी, आणि गोठ्यातून आल्यावर हातपाय साबणाने धुऊन, पुसून मगच आसनाला बसावे.

रोज ओल्या फडक्याने चटई पुसावी. आठवड्यातून एकदा पाण्यात थोडा साबण घालून दोन्ही बाजू पुसाव्यात आणि साबण पुरता काढावा. राहिला तर पाय घसरतो. रबराची चटई कडक उन्हात तडकते, ती सावलीत वाऱ्यावर वाळवावी. पूर्ण सुकल्याखेरीज गुंडाळू नये. गवताच्या चटईला मात्र ऊन चांगलेच.

अंगावर खाजरा गोल चट्टा उठला, तर दुकानातले कोणतेही मलम चोळू नका. त्यात स्टिरॉइड असले तर खाज थांबते, पण बुरशी वाढतच राहते. डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर त्या माणसाचा टॉवेल वेगळा ठेवा.