गाजरगवत आणि जुनाट इसब

पावसाळ्याच्या अखेरीस माहूरच्या आसपास कोठेही फिरा, रस्त्याच्या कडेला आणि पडीक रानात बारीक पांढऱ्या फुलांची झुडपे दिसतील. पाने गाजराच्या पानांसारखी, म्हणून ते गाजरगवत. वास्तविक हे गवत नव्हेच. ही सूर्यफुलाच्या कुळातली, अमेरिका खंडातली वनस्पती. भारतात तिचा फैलाव प्रथम लक्षात आला तो १९५५ साली, पुण्यात. अमेरिकेच्या मदतीच्या गव्हाबरोबर ती आली असे सर्रास सांगतात. पण तो करार १९५६ चा, हे ध्यानात ठेवावे!

माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने ही झुडपे वर्षानुवर्षे उघड्या हातांनी उपटली. काही झाले नाही. मग एका वर्षी पापण्या, मान आणि कोपरांची लवण खाजू लागली. कातडी जाड व काळी पडली. गजकर्ण समजून त्याने मलमे लावली, गुण आला नाही. हे होते इसब.

इतकी वर्षे काही न होता एकाएकी असे का व्हावे? या झाडाच्या बारीक लवेत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. त्याचा रेणुभार २६२, म्हणजे पाण्याच्या रेणूच्या सुमारे पंधरापट. तरीही त्वचेच्या मृत पेशींच्या पातळ थरातून आत शिरण्याइतका तो लहान आहे. आत गेल्यावर तो त्वचेतील प्रथिनांना चिकटतो आणि शरीराला ती प्रथिने परकी वाटू लागतात. रक्तातील काही पांढऱ्या पेशी ही ओळख लक्षात ठेवतात. ओळख पटायला कधी महिने, कधी वर्षे लागतात. एकदा पटली की पुसत नाही. पुढे वाळलेल्या झाडाची वाऱ्यावर उडणारी धूळही पुरते. शेत सोडून घरी बसलेल्यालाही त्रास होतो तो यामुळे.

निदानासाठी डॉक्टर संशयित द्रव्य पाठीवर पट्टीखाली ४८ तास ठेवतात व मग त्वचा पाहतात. हा रोग संसर्गजन्य नाही. तेव्हा अशा माणसाला पंगतीत दूर बसवणे हे निव्वळ अज्ञान होय.

एक झाड हजारोंनी बी टाकते. म्हणून ते फुलण्यापूर्वीच, ओल्या जमिनीतून मुळासकट उपटावे; हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच. शाळेच्या श्रमदानात मुलांना उघड्या हातांनी हे काम देऊ नये, अशी शिक्षकांना विनंती. मेक्सिकोतला एक भुंगेरा १९८० नंतर मुद्दाम भारतात आणून सोडला आहे. तो याचीच पाने खातो, पण मुख्यतः पावसाळ्यात. उन्हाळ्यात तो जमिनीत दडी मारतो आणि काम पुन्हा आपल्याकडे येते.