एक कळफलक, दोन लिपी

निपाणी-बेळगाव परिसरात बाजारात, बसमध्ये, कचेरीत मराठी व कन्नड या दोन्ही भाषा कानी पडतात. मात्र भ्रमणध्वनीवर व्हॉट्सॲपचा निरोप लिहिताना अनेकजण मराठीही रोमन अक्षरांतच लिहितात. सोय वाटते खरी. पण ‘के’, ‘ए’, ‘एल’ या तीन अक्षरांचे ‘काल’ही होते आणि ‘कळ’ही. आईच्या प्रकृतीविषयी निपाणीहून धाडलेला ‘कळ आली होती’ हा निरोप पुण्यातील मुलगा ‘काल आली होती’ असा वाचून निर्धास्त राहू शकतो.

देवनागरी टंकन अवघड असते, हा समज बराचसा निराधार होय. भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या मानकात इनस्क्रिप्ट कळफलकाचा समावेश आहे. त्यात स्वर डाव्या हाताकडे, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे येतात. ज्या कळीवर देवनागरी ‘क’, तिच्यावरच कन्नड ‘क’, ‘ळ’चेही तसेच. दोन्ही लिपी ब्राह्मीपासून निघाल्या व वर्णक्रम सारखा राहिला, म्हणून हे साधले. कन्नडमधील ऱ्हस्व ‘ए’ व ‘ओ’ तेवढे निराळे शिकावे लागतात.

विंडोज प्रणालीच्या संगणकात ही मांडणी दोन्ही भाषांसाठी उपलब्ध असते. शाळेत संगणक असल्यास शिक्षकांनी मुलांकडून प्रथम गावाचे नाव दोन्ही लिपींत उमटवून घ्यावे. ‘बेळगाव’ आणि कन्नडातील ‘बेळगावि’ यांत पहिली मात्रा व शेवटची वेलांटी वगळता बोटांची चाल तीच राहते.