जुन्या डिझेल पिकअपचे विद्युत्-दोष : तपासणीचा शास्त्रीय क्रम

ग्रामीण महाराष्ट्रात दुधाचे संकलन, भाजीपाल्याची वाहतूक आणि प्रसंगी रुग्णास आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचविणे, ही कामे आजही अनेक ठिकाणी जुन्या डिझेल पिकअप व जीपगाड्या करीत असतात. टाटांची टाटामोबाइल ही पिकअप १९८८ साली बाजारात आली. महिंद्रांच्या डिझेल जीपगाड्या तत्पूर्वीच खेडोपाडी पोहोचल्या होत्या. पंधरा वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले आहे. तथापि शेतकरी, सहकारी संस्था व लहान व्यावसायिक यांच्याकडे यांत्रिक इंधनपंपाची जुनी वाहने टिकून आहेत.

असे वाहन पहाटे सुरू झाले नाही, तर दूध नासते, बाजार चुकतो; रात्री सुरू झाले नाही, तर जिवावरही बेतते. अशा वेळी पुष्कळदा अंदाजाने प्रथम बॅटरी, मग स्टार्टर, मग आल्टरनेटर बदलला जातो. हजारो रुपये खर्च होतात आणि मूळ दोष मात्र एखाद्या सैल वा गंजलेल्या जोडात तसाच राहतो. भाग बदलण्यापूर्वी मोजमाप करावे, हा या विषयातील पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा धडा होय.

डिझेल इंजिनास वीज कशासाठी लागते?

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरले. त्यात इंधन पेटविण्यासाठी ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधील हवा अतिशय दाबली जाऊन तापते आणि त्या उष्णतेने डिझेल आपोआप पेट घेते. म्हणून जुन्या डिझेल वाहनास सुरू होताना वीज केवळ तीन कामांसाठी लागते. पहिले, स्टार्टरद्वारे इंजिन फिरविणे. दुसरे, ज्या इंजिनांत डिझेल प्रथम एका छोट्या पूर्वकक्षात फवारले जाते, तेथे हीटर प्लगने तो कक्ष तापविणे. महिंद्रांच्या जीपगाड्यांतील प्यूजो बनावटीचे एक्सडीपी इंजिन या प्रकारचे होते. तिसरे, काही पंपांवर इंधनाचा मार्ग उघडणारा सोलेनॉइड चालविणे. थेट फवारणीच्या अनेक इंजिनांत हीटर प्लग नसतात, आणि ओढदोरीने बंद होणाऱ्या इंजिनांत सोलेनॉइड नसतो. आपल्या वाहनात यांपैकी काय आहे, हे प्रथम पाहून घ्यावे.

दिवे लागतात, मग बॅटरी चांगली?

हा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. पूर्वकक्षाच्या डिझेल इंजिनात हवा मूळ आकारमानाच्या सुमारे विसाव्या भागापर्यंत दाबली जाते. पेट्रोल इंजिनात हे प्रमाण साधारणतः आठ ते दहा पट असते. त्यामुळे डिझेल इंजिन फिरविताना स्टार्टर २०० अॅम्पिअर किंवा अधिक प्रवाह ओढतो. पुढचे दोन ६० वॅटचे दिवे मात्र मिळून अवघे १० अॅम्पिअर घेतात.

समजा, बॅटरीच्या गंजलेल्या टर्मिनलमुळे मार्गात ०.०१ ओहम इतका अल्प रोध निर्माण झाला. ओहमच्या नियमानुसार दिव्यांच्या प्रवाहात तेथे ०.१ व्होल्ट खर्ची पडेल. डोळ्यांस फरक जाणवणार नाही. परंतु स्टार्टरच्या २०० अॅम्पिअर प्रवाहात तोच रोध २ व्होल्ट गिळतो आणि त्या जोडावर ४०० वॅट उष्णता निर्माण होते. स्टार्टर मंदावतो आणि जोड हातास गरम लागतो. दिवे लख्ख आणि स्टार्टर मात्र निर्जीव, या कोड्याचा उलगडा बहुधा येथेच होतो.

लक्षणांवरून दिशा

किल्ली फिरविल्यावर काय घडते, याकडे लक्ष दिल्यास तपासणीचे क्षेत्र निम्म्याने कमी होते.

एक : नुसता ‘टक’ आवाज येतो किंवा काहीच घडत नाही. बॅटरी, टर्मिनल, अर्थिंगची वायर, स्टार्टरचा सोलेनॉइड आणि किल्लीचा खटका या क्रमाने पाहावे.

दोन : इंजिन रेंगाळत फिरते. बॅटरी उतरलेली आहे किंवा जाड वायरींच्या जोडांत रोध आहे. मंद फिरणाऱ्या इंजिनात हवा पुरेशी तापत नाही. इंधन मिळूनही ते पेटत नाही.

तीन : इंजिन जोमाने फिरते, पण पेट घेत नाही. आता धुराड्याकडे पाहावे. पांढरट धूर येत असल्यास डिझेल पोहोचत आहे, परंतु जळत नाही. हीटर प्लग तपासावेत. धूर मुळीच नसल्यास डिझेलच पोहोचत नाही. पंपाचा सोलेनॉइड, चोंदलेला फिल्टर किंवा नळीत शिरलेली हवा यांचा शोध घ्यावा. सोलेनॉइडला वीज मिळताच बारीक ‘टिक’ आवाज ऐकू येतो. नळीत हवा धरली असल्यास फिल्टरजवळील हातपंपाने ती काढावी.

मल्टिमीटरने तपासणी

यासाठी साधा मल्टिमीटर पुरेसा आहे. वाहन काही तास उभे असताना बॅटरीच्या दोन खुंटांवर सुमारे १२.६ व्होल्ट मिळाले, तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी आणि १२.० म्हणजे बरीच उतरलेली. त्यानंतर गिअर न्यूट्रल ठेवून व हँडब्रेक ओढून स्टार्टर फिरवावा. इंजिन सुरू होऊ नये म्हणून बंद करण्याची दोरी ओढून धरावी अथवा पंपाच्या सोलेनॉइडची वायर काढून ठेवावी. फिरत असताना बॅटरीचा दाब साधारण साडेनऊ व्होल्टच्या खाली जाऊ नये. भरलेल्या बॅटरीचा दाब कोसळत असेल, तर बॅटरी निकामी झाल्याचा किंवा स्टार्टर प्रमाणाबाहेर प्रवाह ओढत असल्याचा संशय घ्यावा.

दाब टिकून राहूनही इंजिन रेंगाळत असेल, तर मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन खुंटावर आणि दुसरे स्टार्टरच्या मुख्य टर्मिनलवर ठेवून पुन्हा फिरवावे. वाचन अर्ध्या व्होल्टहून अधिक आल्यास दोष त्या मार्गात आहे. हीच चाचणी ऋण खुंट व इंजिनचा धातू यांमध्ये घ्यावी. इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी तुटली असता प्रवाह क्लच अथवा अॅक्सिलरेटरच्या तारेतून परतू लागतो आणि ती तार तापते. कोकणातील खारट, दमट हवेत हे जोड लवकर गंजतात, म्हणून तेथे ते वरचेवर पाहावेत.

हीटर प्लगसाठी त्यांवरील जोडपट्टी काढावी. बॅटरीचे धन टोक आणि प्रत्येक प्लगचे टर्मिनल यांमध्ये १२ व्होल्टचा टेस्टिंग बल्ब धरावा. बल्ब लागला तर प्लगची तार शाबूत आहे. न लागल्यास प्लग जळाला आहे. प्लग समांतर जोडलेले असल्यास एक-दोन जळूनही इंजिन उन्हाळ्यात सुरू होते आणि निफाडसारख्या भागातील कडक थंडीत दोष उघड होतो.

वाहन सुरू झाल्यानंतर

इंजिन वेगात असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळावेत. कमी मिळाल्यास प्रथम पट्ट्याचा ताण पाहावा. किल्ली लावल्यावर चार्जिंगचा लाल दिवा लागला पाहिजे. अनेक आल्टरनेटर त्या दिव्यातून येणाऱ्या प्रवाहानेच जागृत होतात. त्यामुळे काही रुपयांचा बल्ब गेल्यानेही चार्जिंग थांबू शकते. दाब १५ व्होल्टच्या वर जात असल्यास रेग्युलेटर बिघडला आहे. अशा वेळी बॅटरीतील पाणी झपाट्याने आटते. विदर्भातील उन्हाळ्यात ते एरवीही लवकर कमी होते, म्हणून पातळी नियमित पाहून केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. अॅसिड घालू नये.

उभ्या वाहनाची बॅटरी वारंवार उतरत असेल, तर मागाहून जोडलेले दिवे व ध्वनियंत्रे तपासावीत. अर्धा अॅम्पिअर गळतीदेखील चार दिवसांत ४८ अॅम्पिअर-तास वीज नेते.

घ्यावयाची दक्षता

बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तिच्याजवळ विडी-काडी पेटवू नये. वायर काढताना ऋण टोक प्रथम काढावे व जोडताना शेवटी जोडावे. चालू इंजिनाची बॅटरी कधीही काढू नये; आल्टरनेटरचे डायोड जळतात. दुसऱ्या वाहनाच्या बॅटरीचा आधार घेताना शेवटची ऋण जोडणी बंद वाहनाच्या इंजिनाच्या धातूवर, बॅटरीपासून दूर करावी. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांहून अधिक फिरवू नये. थंडीत हवेच्या नळीपाशी जळता बोळा धरण्याचा प्रकार आगीस निमंत्रण देणारा आहे.

माध्यमिक शाळेत शिकविला जाणारा ओहमचा नियम गावातील वाहनावर प्रत्यक्ष दाखविता येतो. विज्ञान शिक्षकांनी हा प्रयोग विद्यार्थ्यांसमोर करावा. दूध संस्था व ग्रामपंचायती यांनी एक मल्टिमीटर आणि प्रत्येक वाहनासाठी एक नोंदवही ठेवावी. स्थिर दाब, फिरतानाचा दाब आणि चार्जिंगचा दाब ही तीन वाचने दरमहा लिहिली गेल्यास घसरण आधीच दिसून येते. दुरुस्ती दिवसा, सवडीने व स्वल्प खर्चात होते, आणि अडचणीच्या रात्री वाहन पहिल्या किल्लीस सुरू होण्याची खात्री वाढते.